१७ तास झाले, लँडिंग काही जमेना (फ्लाइंग शिकलेल्यांनी जरा सांगा)

उडाणटप्पू | मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी एव्हिएशनच्या डिग्रीला दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजच्या जोडीनेच फ्लाइंग चालू आहे, सेस्ना १७२ या छोट्या विमानावर. म्हणजे पहाटे सहाला हँगरवर, हवा आणि विमान दोन्ही शुद्धीवर असेल तर एक सॉर्टी (उड्डाणाची फेरी), तिथून धावतपळत मेटच्या (हवामानशास्त्राच्या) लेक्चरला. तिथे सर फळ्यावर वाऱ्याचे बाण काढत असतात आणि मी मनात, त्याच वाऱ्याने तासाभरापूर्वी मला कसं आपटलं त्याची उजळणी करत असते.

मुद्दा असा की लॉगबुकात १७ तास २० मिनिटं झालीत. बॅचमधले दोघं १२ तासांत सोलो (सरांशिवाय, एकटे) गेले, एक १४ ला, परवा अजून एक गेली. उरलो मी आणि एक मुलगा जो मुळात महिनाभर आजारी होता. टेकऑफ चांगलं आहे, स्टॉल, स्टीप टर्न वगैरे हवेतले धडे ठीक, रेडिओवर पण आता तोंड उघडतं. पण लँडिंग! कधी दहा फुटांवरच नाक उचलते, विमान तिथेच तरंगत बसतं आणि मग धपकन खाली. कधी इतका उशीर करते की सर "आय हॅव कंट्रोल" म्हणून हातातून काढूनच घेतात. आणि सगळ्यात वाईट म्हणजे रोज वेगळी चूक. सोमवारी पाचातली चार बरी झाली, आज आठातली सात घाण. एकच चूक रोज झाली असती तर सुधारली तरी असती.

सर ओरडत नाहीत. "होईल" म्हणतात. त्या "होईल"चीच भीती वाटायला लागलीये.

तुम्हाला किती तासांनी जमलं? काही जणांना हे येतच नाही असं असतं का? फ्लाइंग सोडून मॅनेजमेंटच्या बाजूला वळायचं असेल तर या सेमिस्टरच्या आतच सांगावं लागतं, म्हणून घाई आहे.

मी_पण | १०:५२

मी पहिला! वाचतोय. सविस्तर नंतर.

निवृत्त_नाना | ११:३०

पोरी, आधी ते तासांचं डोक्यातून काढून टाक. आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) नियमात पीपीएलला, म्हणजे खाजगी पायलटच्या लायसन्सला, किमान ४० तास लिहिलेत, मान्यताप्राप्त कोर्समधून केलं तर ३५. सीपीएलला (व्यावसायिक लायसन्सला) २००, मान्यताप्राप्त कोर्समधून १५०. पहिल्या सोलोपुढे मात्र आकडा नाही, तिथे इन्स्ट्रक्टरची देखरेख हवी एवढंच. आकडा का नाही? कारण तो इन्स्ट्रक्टरच्या पोटात असतो. मी एकवीस वर्षं उजव्या सीटवर बसलो. ९ तासांत सोलो गेलेला एक होता, पुढे त्याला आखलेल्या वाटेवर विमान ठेवायला घाम फुटायचा. आणि २६ तासांना सोलो गेलेली एक पुढे स्वतः इन्स्ट्रक्टर झाली.

आता लँडिंग. तुझे डोळे कुठे असतात ते सांग. नव्वद टक्के पोरं फ्लेअरला (टेकण्याआधी नाक उचलताना) नाकासमोरच्या जमिनीकडे बघतात. जमीन अंगावर येते, घाबरून ओढतात, विमान वर जातं. राउंड आउट (खाली येणारं विमान जमिनीलगत आडवं करणं) सुरू केलास की नजर उचलायची आणि धावपट्टीच्या पार टोकाला न्यायची. बाजूच्या कडा डोळ्यांच्या कोपऱ्यातून वर चढल्यासारख्या वाटतात, त्यावरून उंची कळते. मग विमानाला टेकू द्यायचं नाही. ते टेकायला बघतंय आणि तू थोडं थोडं ओढत म्हणतेयस, "अजून नको, अजून नको." शेवटी ते स्वतःच थकून बसतं.

आणि नाक जास्त उचलण्याचं म्हणशील तर तुझ्या आधी मोठी माणसं होऊन गेलीत. १४ डिसेंबर १९०३ ला नाणेफेक जिंकून विल्बर राइट विमानात चढला, सुटल्या सुटल्या नाक फार वर उचललं, साडेतीन सेकंदांत विमान वाळूत. दुरुस्तीला दोन दिवस गेले. १७ तारखेला ऑर्व्हिलची पाळी आली आणि तो १२ सेकंद उडाला. सगळं जग १७ तारीख पाठ करतं, आम्ही इन्स्ट्रक्टर लोक १४ चीच आठवण काढतो.

वायफळ | ११:४१

हल्ली ऑटोपायलटच सगळं करतो ना? मग एवढं टेन्शन कशाला, बटण दाबायला शिका.

अर्धवट | ११:४४

वायफळ, तिच्या १७२ मध्ये ते बटण कुठे असतं तेवढं सांगा, आम्हीपण शोधतोय.

आणि थोडं गंभीर: मोठ्या विमानांत ऑटोलँड असतं, पण त्याला धावपट्टीवरची यंत्रणाही तशीच लागते, वाऱ्याच्या मर्यादा असतात, आणि ते मुख्यतः दाट धुक्यासाठी आहे. एरवी बहुतेक लँडिंग पायलट हातानेच करतात.

न्यूटनचा भाचा | बुधवार, सकाळी ७:१५

नानांशी सहमत, पण त्यांनी स्पीडचं काहीच लिहिलं नाही. माझ्या मते ८० टक्के खराब लँडिंगची सुरुवात फायनलवरच (धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर) झालेली असते. फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या झडपा) टाकून ६५ नॉट्सने यायचं तर पोरं "असू दे जरा जास्त" म्हणून ७५ ने येतात. ती जादा ऊर्जा जाणार कुठे? जमिनीपासून पंखाच्या लांबीएवढ्या उंचीच्या आत (१७२ चा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ११ मीटर) ग्राउंड इफेक्ट लागतो, ड्रॅग (हवेचा अडथळा) कमी होतो आणि विमान उतरायचं नावच घेत नाही. तू लिहिलंयस ना "तरंगत बसतं", ते हेच. ट्रिम नीट कर. हात सोडला तरी ६५ वर राहिलं पाहिजे. ओढून धरलेलं विमान आणि ट्रिम केलेलं विमान यात सासर-माहेरचा फरक आहे.

शंकासूर | ७:५८

@भाचा, ग्राउंड इफेक्टवरून आठवलं. पंखावरची हवा लांबच्या रस्त्याने जाते म्हणून तिला पळावं लागतं आणि त्यामुळे दाब कमी होतो, बरोबर? शाळेत असंच शिकवलं होतं. मग उलटं विमान कसं उडतं?

न्यूटनचा भाचा | ८:०६

आला का हा प्रश्न! अहो, ती "दोन्हीकडची हवा एकाच वेळी पोचते" गोष्टच खोटी आहे. असा कुठलाही नियम नाही. वरची हवा प्रत्यक्षात आधीच पोचते. बर्नुली खोटा नाही, न्यूटनही खोटा नाही, पंख हवा खाली ढकलतो आणि वर दाब कमी होतो, एकाच गोष्टीचे दोन हिशोब आहेत. उलट्या विमानाला हवेशी योग्य कोन दिला की तोही पंख हवा खालीच ढकलतो. सगळा खेळ या कोनाचा, म्हणजे अँगल ऑफ अटॅकचा. साधारण १५-१६ अंशांच्या पुढे गेला की वरची हवा पंखाला धरून राहत नाही, तो स्टॉल. मग स्पीड काही का असेना.

शंकासूर | ८:१०

"स्पीड काही का असेना" कसं? प्रत्येक विमानाला स्टॉल स्पीड लिहिलेलं असतं की.

न्यूटनचा भाचा | ८:१९

ते सरळ उडताना, ठरावीक वजनाला. ६० अंशांच्या बँकमध्ये (विमान कलवून) उंची न सोडता वळलात तर पंखावर दुप्पट वजन येतं आणि स्टॉल स्पीड ४१ टक्क्यांनी वाढतं. बेस (फायनलच्या आधीचा आडवा टप्पा) ते फायनलच्या वळणावर लोक जमिनीच्या जवळ मरतात ते याच हिशोबाने. वळण लांबलं, मग जास्त बँक, मग जास्त ओढ, त्यात रडर (शेपटीचं सुकाणू) कोंबायचा.

निवृत्त_नाना | ८:२५

भाचेराव, पोरीला लँडिंग शिकवायचंय की घाबरवायचंय? :)

पण बरोबर आहे. वळण लांबलं तर सरळ गो-अराउंड, म्हणजे लँडिंग सोडून परत वर. त्यात काही लाज नाही.

घारू | ८:५०

आमच्याकडे ती पण चैन नाही. ग्लायडरला इंजिनच नाही त्यामुळे गो-अराउंड हा शब्दच नाही, एकदा फायनलला वळलात की गंगेत घोडं न्हालंच पाहिजे. त्यामुळे आम्ही पहिल्या दिवसापासून नजरेवर शिकतो. ठरवलेला बिंदू काचेत वर सरकला तर कमी पडणार, खाली सरकला तर ओलांडून जाणार, जागच्या जागी मोठा होत राहिला तर तिथेच पोचणार. स्पीड सांभाळून या एवढ्या एका गोष्टीवर भरवसा ठेवला तरी निम्मं काम होतं.

आणि ग्लायडरची विद्या वाया जात नाही बरं का. जुलै १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ चं इंधन ४१,००० फुटांवर संपलं. लिटरचं वजन किलोत काढायच्या ऐवजी पौंडाचा आकडा वापरला गेला होता, त्यामुळे हवं त्याच्या निम्मंही इंधन टाकीत नव्हतं. कॅप्टन ग्लायडर उडवणारा होता. गिमली नावाच्या जुन्या हवाई तळावर त्याने एवढं अवाढव्य विमान साइडस्लिप करत (तिरकं घसरवत) उतरवलं. ६९ जणांपैकी कोणी दगावलं नाही. आणि तो तळ तोवर गाड्यांच्या शर्यतींसाठी वापरत होते, त्या दिवशी तिथे माणसं जमलेली होती!

अर्धवट | ९:०२

म्हणून मी परीक्षेत उत्तराला एकक लिहितो. मास्तर म्हणायचे, "पाच काय? पाच बटाटे?" आता कळलं.

टॉवरवाली | दुपारी १:३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. उडाणटप्पू, मी २३ तास करून फ्लाइंग सोडलं. आज टॉवरमध्ये कंट्रोलर आहे आणि मजेत आहे. त्यामुळे "सोडलं म्हणजे हरलं" असं म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नको. पण मी का सोडलं ते ऐक. मला लँडिंग येत होतं. सोलोही झालं होतं. मला वर गेल्यावर आनंदच व्हायचा नाही, सॉर्टी रद्द झाली की आत कुठेतरी हायसं वाटायचं. सलग दोन महिने हायसं वाटल्यावर मला माझंच कळलं. तुला काय वाटतं सॉर्टी रद्द झाली की?

अवांतर: तू लिहिलंस रेडिओवर तोंड उघडतं. छान. पण नुसतं उघडून चालत नाही. रीडबॅक (आम्ही सांगितलेलं परत म्हणून दाखवणं) नीट देत जा, आणि "टेकऑफ" हा शब्द क्लिअरन्स मिळेपर्यंत तोंडातून काढायचा नाही, "डिपार्चर" म्हणायचं. नवी मुलं म्हणतात एवढा काय बाऊ. २७ मार्च १९७७, टेनेरिफ, धुकं, दोन जंबो. केएलएमचा पायलट म्हणाला "वी आर नाउ अ‍ॅट टेकऑफ". टॉवरला वाटलं तो जागेवर थांबलाय, तो तर पळत सुटला होता. कंट्रोलरने "थांब, मी बोलावतो" म्हटलं, त्याच क्षणी दुसऱ्या विमानानेही बटण दाबलं आणि दोघांचे आवाज एकमेकांत अडकून नुसती शिट्टी ऐकू गेली. दोन्ही जंबो धडकले, ५८३ माणसं गेली. आम्ही टॉवरमधून खडूसपणे "से अगेन" म्हणतो ना, ते यामुळे.

मी_पण | १:४४

बाप रे. हे "अ‍ॅट टेकऑफ"चं माहीत नव्हतं. अंगावर काटा.

वाचनमात्र | २:१५

तीन वर्षांत पहिला प्रतिसाद देतोय. फ्लाइंगशी काडीचा संबंध नाही. पण धागा भारी चाललाय. उडाणटप्पू दादा, हिंमत सोडू नका.

उडाणटप्पू | सायंकाळी ६:२०

वाचनमात्र, दादा नाही हो, ताई :) "वाचत होते" लिहिलंय की पहिल्याच वाक्यात. तीन वर्षं वाचताय म्हणता ना!

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. टॉवरवाली, तुमचा प्रश्न दिवसभर डोक्यात होता. सॉर्टी रद्द झाली की मी चिडते. गेल्या आठवड्यात एक विमान १०० तासांच्या इन्स्पेक्शनला गेलं आणि माझी पाळी गेली तेव्हा हँगरच्या मागे जाऊन रडले होते. म्हणजे उत्तर मिळालं बहुतेक.

भाचा, स्पीड ६५-६८ च असतं, ते सर आधीपासून ठोकून घेतायत. नाना, लांब बघायचा प्रयत्न करते, पण फ्लेअरला नाक उचललं की समोरचं काही दिसतच नाही. कधी दिसतं कधी नाही. आज परत सहातली पाच गेली. शेवटच्याला एवढा मोठा बाउन्स झाला की आपोआप हात पुढे गेला, सरांनी धरला आणि फुल्ल थ्रॉटल देऊन परत वर नेलं. खाली आल्यावर म्हणाले, बाउन्सवर नाक पुढे ढकलायचं नाही, पुढचं चाक मोडतं.

वायफळ | ६:३३

नाचता येईना अंगण वाकडं.

अर्धवट | ६:३५

वायफळ साहेब, दिवसातून दोनदा येऊन असंच काडी टाकून जाता. घरी कोणी बोलत नाही का?

कागदी विमान | रात्री ९:०५

थांबा थांबा. "कधी दिसतं कधी नाही" म्हणजे काय? उडाणटप्पू, तुझी उंची किती? आणि रोज एकाच विमानात बसतेस की वेगवेगळ्या?

मी पाच फूट एक आहे. नाना म्हणतात लांब बघ, आणि ते शंभर टक्के बरोबर आहे, पण लांब बघायला आधी दिसायला तर हवं. उंच माणसांना हा प्रश्नच पडत नाही म्हणून ते सांगत नाहीत. (नाना, राग नको.) सीट दोन इंच खाली असेल तर नाक आणि क्षितिज यांचं चित्रच बदलतं. फ्लेअरला नाक उचललं की धावपट्टी लवकर गायब होते, मग माणूस नकळत मान उंच करतो नाहीतर नाक उचलायलाच कचरतो. डोक्यात साठवलेलं चित्र काल एका उंचीवरचं, आज दुसऱ्या. जमणार कसं?

उडाणटप्पू | ९:३२

पाच फूट दीड. तो दीड सोडणार नाही :)

दोन विमानं आहेत आमच्याकडे. रजिस्ट्रेशनच्या शेवटच्या अक्षरावरून एकाला चार्ली म्हणतो, दुसऱ्याला किलो. चार्लीचं सीट हँडल फिरवून वर होतं. किलोचं हँडल कधीचं अडकलंय, सीट तळालाच आहे. सगळे म्हणतात "चालतंय".

थांबा, लॉगबुक काढते.

उडाणटप्पू | १०:१०

देवा. शेवटच्या ११ सॉर्टी बघितल्या. मी वहीत प्रत्येक सॉर्टीनंतर एक ओळ लिहिते. किलोमध्ये ६, त्यातल्या पाचांपुढे मी स्वतःच्या हाताने "घाण" लिहिलंय. चार्लीत ५, त्यातली एकच घाण, ती पण क्रॉसविंड (आडवा वारा) होता त्या दिवशीची. सोमवार चार्ली. मंगळवार किलो. आज किलो.

एवढे दिवस समोर लिहिलेलं होतं आणि दिसलं नाही!!

निवृत्त_नाना | १०:१८

कागदी विमान, राग कसला, शाब्बास. माझी उंची पाच अकरा. एकवीस वर्षांत किती बुटक्या पोरांना मी नुसतं "लांब बघ लांब बघ" केलं असेल, आता झोप लागायची नाही.

पोरी, उद्या सरांना वहीसकट दाखव. आणि सीट पुढे घेतलंस की ते रुळावर नीट लॉक झालंय ना, हे आधी हलवून बघत जा. सेस्नाचं सीट टेकऑफच्या वेळी मागे घसरलं आणि हातात कंट्रोल धरूनच माणूस मागे गेला, असे अपघात झालेत. उशी घेशील तर घट्ट घे. दबणारी नको.

अर्धवट | १०:२१

वायफळ, अंगण खरंच वाकडं निघालं की हो.

वायफळ | १०:४०

मान्य. एकदा.

न्यूटनचा भाचा | १०:५५

डेटा बघून आनंद झाला, पण ११ सॉर्टी म्हणजे फार कमी. शिवाय किलोच्या दिवशी वारा जास्त होता का, वेळ कोणती होती, हेही बघायला हवं. सीटच कारण आहे असं लगेच ठरवू नका.

कागदी विमान | ११:०२

भाचेराव, तुम्ही लग्नालाही कंट्रोल ग्रुप घेऊन गेला होतात का?

न्यूटनचा भाचा | ११:०४

नाही, म्हणूनच अजून निष्कर्ष निघालेला नाही.

अर्धवट | ११:१५

ठ्ठो! प्रतिसाद ऑफ द धागा.

जाता जाता खुर्चीवरच्या सरावाबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून सांगतो. मी रोज रात्री खोलीत खुर्चीवर बसून डोळे मिटून पूर्ण सर्किट (टेकऑफपासून लँडिंगपर्यंत धावपट्टीभोवतीची फेरी) उडायचो. डाउनविंड, चेक्स, पॉवर कमी, फ्लॅप, बेस, सगळं तोंडाने बोलत, हात पाय हलवत. एक दिवस रूममेटचे वडील आले होते, त्यांनी दारातून बघितलं, मी "मिक्सचर रिच, कार्ब हीट हॉट" म्हणत हवेत हात फिरवतोय. त्यांनी पोराला बाजूला घेऊन विचारलं, याच्या घरी कळवलंय का. पण उपयोग होतो. चेकलिस्ट हातात मुरली की वर गेल्यावर डोकं लँडिंगला मोकळं राहतं.

शंकासूर | ११:२०

मिक्सचर, कार्ब हीट हे पायलटने कशाला बघायचं? गाडीत तर आपण नुसता अ‍ॅक्सिलरेटर दाबतो.

अर्धवट | ११:३१

उंचीवर हवा विरळ होते, मग पेट्रोलही तेवढंच कमी करावं लागतं, ते मिक्सचर. आणि कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाफ होताना आणि हवा अरुंद नळीतून जाताना तापमान इतकं उतरतं की बाहेर २० अंश असताना, हवा दमट असली तर आत बर्फ धरतो. इंजिन हळूहळू मान टाकतं. म्हणून पॉवर कमी करायच्या आधी गरम हवा आत सोडायची. जुन्या १७२ ना कार्ब्युरेटर, नव्यांना इंजेक्शन. आमची म्हातारी कार्ब्युरेटरवाली होती.

उडाणटप्पू | रविवार, दुपारी ४:०५

अपडेट. गुरुवारी ढग खाली होते, सगळं रद्द. (चिडले.) पण त्या वेळात सरांना वही दाखवली. त्यांनी दोन मिनिटं पानं उलटली, मग मला घेऊन किलोकडे गेले, मला बसवलं आणि स्वतः माझ्या डोक्याशी डोकं लावून बाहेर बघितलं. म्हणाले, "तुला एवढंच दिसतं?" मग काहीच बोलले नाहीत. मेंटेनन्सवाल्याला बोलावलं. हँडलचं सामान यायला वेळ लागेल म्हणाला, तोवर एक कडक उशी मिळाली, कॅनव्हासची, आतमध्ये काय भरलंय देव जाणे, दगड असावेत.

शुक्रवारी किलोमध्ये सहा लँडिंग. पहिली दोन अजून वाईट! कारण आता सगळंच उंच दिसत होतं. तिसऱ्यापासून नानांचं "अजून नको, अजून नको" मोठ्याने म्हणत केलं. धावपट्टीचं टोक दिसत राहतं, डावीकडची कड हळूच वर येते, आणि मग मागच्या चाकांचा कुर्र आवाज. चार ओळीने. भाचा, डेटा कमी आहे, माहितीये.

काल सकाळी तीन सर्किट झाल्यावर सरांनी टॅक्सीवेवर थांबवलं आणि विचारलं, जातेस का एकटी? मी विंडसॉककडे (वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे) बघितलं. आम्ही सुरू केलं तेव्हा तो धावपट्टीच्या रेषेत होता, आता चांगला आडवा फिरून ताठ झाला होता. माझ्या आयुष्यात मला एवढं "हो" म्हणायचं नव्हतं. म्हटलं, "सर, आज नको, वारा फिरलाय." ते म्हणाले "बरं", आणि आम्ही परत पार्किंगला आलो. लॉगबुकावर सही करताना म्हणाले, मी बघत होतो तू बघतेस का ते.

मॅनेजमेंटचा फॉर्म भरणार नाहीये.

टॉवरवाली | ४:३०

हे वाचून टॉवरमधून टाळ्या. पहिल्या सोलोला नाही म्हणणारं पोर मला तरी आठवत नाही.

घारू | ४:३८

वारा बघून नाही म्हणालीस म्हणजे अर्धी ग्लायडर पायलट झालीसच. या आमच्याकडे.

शंकासूर | ५:१२

अभिनंदन! पण वारा आडवा असेल तर विमान नेमकं तिरकं येतं की वाकडं?

न्यूटनचा भाचा | ५:१५

त्यासाठी वेगळा धागा काढा.

उडाणटप्पू | बुधवार, सकाळी ९:५०

झालं!! आज ७:२० ला. एक सर्किट. किलोमध्येच.

घाईत लिहितेय, ११ ला एअर लॉचा पेपर आहे. दोन सर्किट झाल्यावर सर उतरले. उतरताना त्यांनी त्यांच्या सीटचा पट्टा रिकाम्या सीटवर नीट बांधला, ओढून घट्ट केला, म्हणजे सुटा राहून कंट्रोलमध्ये अडकू नये. तो रिकाम्या सीटवर बांधलेला पट्टा बघूनच पोटात गोळा आला, बाकी कशाने नाही. टेकऑफला विमान एकदम हलकं, नेहमीपेक्षा खूप आधीच सर्किटच्या उंचीला पोचले, पॉवर कमी करायला उशीर झाला. डाउनविंडवर मी स्वतःशीच बोलत होते आणि चेक्स म्हणताना सवयीने उजवीकडे बघून विचारलं, "बरोबर ना सर?"

लँडिंग: थोडं तरंगलं, मग कुर्र. बाउन्स नाही. १८ तास ५५ मिनिटं.

निवृत्त_नाना | १०:०१

गंगेत घोडं न्हालं. पेपर लिही जा आता.

अर्धवट | १०:०३

अभिनंदन ताई!! लॉगबुकात त्या ओळीपुढे "घाण नाही" असं लिही.

वायफळ | १०:२०

अभिनंदन. (काडी नाही.)

कागदी विमान | १०:४५

डोळ्यांत पाणी आलं हो. ती दगडाची उशी जपून ठेव.

उडाणटप्पू | दुपारी २:३०

पेपर बरा गेला.

उशी गडबडीत किलोमध्येच राहिली होती. आत्ता आणायला गेले तर तो आजारी असलेला मुलगा तिच्यावर बसून प्री-फ्लाइट चेकलिस्ट वाचत होता. पाच दहा उंची आहे त्याची! म्हटलं तुला कशाला? तर म्हणाला, "असू दे ना, तू हिच्यावरच बसून गेलीस ना सोलो."